नाही म्हणायचा चहा

फिनलंडच्या बाई अडकल्या, असं मी मालकांना सांगितलं आणि कॉल कापला. बाई अडकल्या नव्हत्या. त्या विचार करत होत्या.

माझी बाजू सांगतो. आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला, आणि तिथलं इंटरनेट आमच्या जुन्या मागांसारखं, चालता चालता धागा तुटतो. स्क्रीनवर बाईंचा चेहरा होता, मागं पांढरी भिंत होती आणि भिंतीवर काहीही नव्हतं, कॅलेंडरसुद्धा नाही. यंदाच्या मालाचं काय करायचं, एवढं मी विचारलं होतं आणि त्यानंतर स्क्रीनवर काही घडेचना. पापणी हलेना. आपल्याकडं माणूस विचार करतो तेव्हा निदान 'हं' तरी म्हणतो, डोकं खाजवतो, मोबाईल उलटा-सुलटा करतो. मी मालकांना म्हणालो, "अण्णा, अडकल्या बाई."

अण्णा म्हणाले, "बंद करून परत लावा की."

मी बंद केलं. परत लावलं तेव्हा बाई त्याच भिंतीसमोर तशाच बसलेल्या. एकेक इंग्रजी शब्द सुटा सुटा ठेवत त्या म्हणाल्या, "मी विचार करत होते. तुम्ही गेलात."

ही चूक तशी लहान. हसण्यावारी गेली असती. पण तिची मला लाज वाटली आणि त्या लाजेपोटी त्याच कॉलमध्ये मी दुसरी केली, ती काही लहान नव्हती.

बाईंची कंपनी आमच्याकडून दरवर्षी राखाडी रंगाचे टॉवेल घेते. त्यांच्याकडं घरोघरी एक लाकडी खोली असते, तिला सौना म्हणतात. तिच्यात वाफ करून बसायचं, घाम काढायचा आणि मग टॉवेलनं पुसायचा. सोलापूरच्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं की तो हसतो. आम्ही मार्चपासून जूनपर्यंत फुकट बसतो त्यात. तर बाई म्हणाल्या, यंदा माल दुप्पट हवा, कधी देऊ शकाल? मी म्हणालो, ऑगस्ट. हे खरं होतं. ऑगस्टला बोअरला पाणी असतं, रंगखातं नीट चालतं.

बाई गप्प.

या खेपेला काही झालं तरी कॉल कापायचा नाही, हे मी ठरवलं होतं. पण गप्प माणसासमोर नुसतं बसून राहणं माझ्या हाडात नाही. बाई नाराज झाल्या असं धरून मी म्हणालो, जुलैलाही जमेल. बाई गप्प. मी म्हणालो, जून. टेबलाखालून अण्णा माझ्या गुडघ्याला ढोसत होते. पुढं जा म्हणून, की थांब म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही झालेली नाही. बाई गप्पच. मी म्हणालो, एप्रिल.

तेव्हा कुठं बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "एप्रिल," त्या म्हणाल्या. "एप्रिल माझ्या डोक्यातही नव्हता. मी ऑगस्टला गोदामात जागा असेल का, याचा विचार करत होते. पण एप्रिल फारच चांगलं. जूनच्या सुट्टीआधी माल दुकानांत येईल."

लिलाव पुकारणारा मीच होतो आणि बोली लावणाराही मीच. समोर कुणी हातसुद्धा वर केला नव्हता.

आता हे बोलणं माझ्याकडं कुठून आलं तेही सांगायला पाहिजे. आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. आमच्या घरात लग्नाची बैठक बसली की एका माणसाकडं एकच काम असायचं, बोलणं बंद पडू द्यायचं नाही. देण्याघेण्याचा विषय निघतो, दोन्हीकडची माणसं सतरंजीकडं बघायला लागतात, कुणी पानाचं देठ खुडत बसतो, आणि तेवढ्या शांततेत सोयरीक मोडते. तर ती मोडायच्या आत आमचे काका खाकरायचे आणि म्हणायचे, "यंदा हुरडा कसा काय तुमच्याकडं?" संपलं. ज्वारीवर सगळ्यांनाच बोलता येतं. काकांचे गुडघे गेले तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. मी बऱ्याच सोयरिकी जुळवून ठेवल्या आहेत. त्यातली एक मोडू द्यायला हवी होती, असं आता वाटतं, पण ते जाऊ द्या. माझ्या स्वतःच्या बैठकीतसुद्धा, मी नवरा मुलगा, मान खाली घालून बसायचं सोडून मीच बोलत होतो. बायको म्हणते, तिला तिथंच कळायला पाहिजे होतं.

अण्णांकडं नोकरी लागली तीही याच जोरावर. अण्णा म्हणजे आमचे मालक. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि इंग्रजीत 'क्वालिटी' आणि 'नो प्रॉब्लेम'. मी हिशेबखात्यात कारकून होतो. एकदा कोणी परदेशी पाहुणा आला आणि सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. मला ते बघवेना. मी पुढं झालो आणि पाहुणा गाडीत बसेपर्यंत इंग्रजी बोलत राहिलो. बरोबर बोललो असं नाही, थांबलो नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला एक्स्पोर्ट खात्यात घेतलं. एक्स्पोर्ट खातं म्हणजे मी आणि एक प्रिंटर.

तर एप्रिल. दिवाळीच्या तोंडावरचा तो कॉल संपला तेव्हा अण्णा खुशीत होते. आमची दुसरी पाळी बरेच दिवस बंद होती, माग झाकून ठेवलेले. दुप्पट मालाच्या भरवशावर अण्णांनी ती परत सुरू केली. विणकर आले, शिलाईच्या बायका आल्या. त्यातल्या बऱ्याचजणी कुंभारीहून रिक्षा करून येतात. ही ऑर्डर टिकली तर पाळी टिकणार आणि ऑर्डर गेली तर माग परत झाकायचे, हे दाराशी बसणाऱ्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं.

रंगखात्याचे मास्तर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते माझ्या टेबलाशी आले. हात कोपरापर्यंत राखाडी.

"साब, एप्रिल बोले क्या आप?"

"हौ चाचा."

"एप्रिल में पानी किधर है?"

मला माहीत नव्हतं असं नाही. मार्चमध्ये आमचं बोअर उचक्या द्यायला लागतं. मग टँकर. आणि टँकरचं पाणी दर खेपेला वेगळ्या विहिरीचं, त्यात रंग एकसारखा बसत नाही.

"एक लॉट राख के माफिक आता," चाचा म्हणाले, "दूसरा कबूतर के माफिक. वो बाई दोनों बाजू-बाजू में रखके देखेंगी ना, साब."

"बघू की, चाचा."

"बघू बोले तो हो गया फिर," असं म्हणून चाचा हसले आणि गेले. आमच्याकडं 'बघू की' म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. इथं कुणालाच सांगावं लागत नाही.

बाईंना मात्र सांगायला पाहिजे होतं. मी मेल लिहिली. एप्रिल शक्य नाही, दिलगीर आहोत. अण्णांनी ती चष्मा वर-खाली करून वाचली आणि म्हणाले, "एवढं तोडून लिहितेत व्हय? माणूस दुखावतो. प्रयत्न चालू हायत, असं लिवा."

मग मी लिहिलं की आम्ही सर्वतोपरी प्रयत्न करत आहोत. पाणीटंचाईची परिस्थिती आहे, तरीही आम्ही आशावादी आहोत. आता हे पत्र कुठल्याही सोलापूरकराला दाखवा. पहिल्याच ओळीला तो म्हणेल, होत नाही वाटतं काम. बाईंचं उत्तर आलं: "छान. धन्यवाद."

आठवड्यानं मी अजून जरा दुःखी मेल लिहिली. उष्णतेचा उल्लेख केला, परमेश्वराचाही केला. उत्तर आलं: "छान. धन्यवाद."

माझी झोप गेली हे म्हणणं जरा मोठं होईल. मला झोप कुठंही लागते. पण जेवताना मी गप्प राहायला लागलो, आणि आमच्या घरात ती काळजीची गोष्ट आहे.

मध्येच अण्णांच्या कुणी ओळखीच्यानं सांगितलं म्हणून आम्ही एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. परदेशी ग्राहकांशी कसं बोलावं. पुण्याचे एक गृहस्थ शिकवायला होते. त्यांनी एक पान दाखवलं, त्यावर लिहिलं होतं की काही देशांत शांतता हा आदर असतो, तिला घाबरू नका. हे त्यांनी अखंड बोलत समजावलं. "काही प्रश्न?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ते पुढच्या पानावर गेले. मला तो माणूस फार जवळचा वाटला. आमच्या घरातला असता तर बैठकीला उपयोगी पडला असता.

अण्णांनी त्या प्रशिक्षणातून एकच गोष्ट घेतली. फेब्रुवारीत बाई स्वतः कारखाना बघायला येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघा," ते म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्ही ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत आलाव. आता समोरासमोर बसलं तर जानेवारी म्हणाल. तुम्ही बोलायचंच नाही. विचारलं तरच, तेबी थोडकं."

"आणि एप्रिलचं?"

"ते बघू की."

बाई पुण्याहून गाडीनं आल्या. उंच, करडे आखूड केस, पाठीला सॅक, आणि हातात पाण्याची स्वतःची बाटली. मी नमस्कार केला आणि तोंड मिटलं. अण्णांनी हार घातला आणि म्हणाले, "वेलकम. क्वालिटी." त्यानंतर कुणाकडं काही उरलं नाही.

असा दिवस मी आयुष्यात काढलेला नाही. तोंडात वाक्यं भरलेली आणि ओठ बंद. बाई जुन्या मागाशी थांबल्या. तो माग कुठल्या गिरणीतून आला, कुणी विकला, त्याचं चाक कसं बदललं, सगळं मला पाठ होतं. मी गप्प. बाई तिथं पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. आधी विणकराचे हात बघितले, मग तुटलेला धागा तो कसा जोडतो ते वाकून बघितलं, मग टॉवेलची कड बोटानं चाचपली. मी बोलत असतो तेव्हा कुणाला इतकं बघायला मिळत नसणार, असा एक विचार माझ्या मनात आला. मी तो लगेच घालवला. या वयात असले विचार परवडत नाहीत.

बाई येणार म्हणून त्या दिवशी दुसरी पाळीही सकाळीच बोलावली होती. शिलाईखात्यातून जाताना कुंभारीच्या एका मावशींनी मशीन न थांबवता हळूच विचारलं, "सायेब, पाव्हणीबाई खूश हायत न्हवं? आमची पाळी ऱ्हाती की?"

बाई पुढं गेल्या होत्या. एवढं बोलायला हरकत नव्हती. "ऱ्हाती की, मावशी," मी म्हणालो. त्यांनी समाधानानं कड उलटी केली आणि टीप मारायला घेतली.

इथं आमच्या चहाबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या कारखान्यात चहा दोन प्रकारचा. एक प्यायचा. दुसरा नाही म्हणायचा. कुणी पुतण्याला चिकटवा म्हणून येतो, कुणी ऐन घाईत महिनाभर रजा मागतो. अण्णा कधी नाही म्हणत नाहीत. ते मान डोलावतात, खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "चहा घ्या की." समोरचा समजतो. चहा येतो, पोराबाळांची चौकशी होते, माणूस कप ठेवतो, उठतो, हसून जातो. पुढं दहा वर्षं भेटला तरी नजर चुकवायला लागत नाही. मला ही पद्धत अजूनही चांगली वाटते. फक्त तिला दोन्हीकडं सोलापूरचीच माणसं लागतात.

रंगखात्यात बाईंनी हौदात डोकावून विचारलं, "एप्रिलमध्ये इथं किती पाणी असतं?"

मी चाचांकडं बघितलं. चाचांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी हौदाकडं बघितलं आणि म्हणाले, "टी, मॅडम?"

चहा आला. बाईंनी तो पूर्ण संपवला. पुढं रंगाचे नमुने बघताना त्यांनी परत विचारलं, टँकरचं पाणी वापरता का? चहा आला. जेवायला अण्णांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली होती. बाई डोळ्यांतून पाणी काढत, एक शब्द न बोलता जेवल्या, आणि अण्णांचा जीव खालीवर होत राहिला. हात धुऊन बाईंनी विचारलं, "म्हणजे एप्रिल नक्की ना?" अण्णांनी मला न विचारता चहा सांगितला. अण्णांचा आवाज आता थकला होता. आम्ही सगळेच थकलो होतो. न बोलण्यानं एवढं दमायला होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी केबिनमध्ये बसलो. अण्णा, चाचा, मी आणि समोर बाई. परत चहा. या वेळी बाईंनी कप उचलला नाही. त्या कपाकडं बघत राहिल्या, मग अण्णांकडं, मग माझ्याकडं.

"मला एक विचारायचंय," त्या मला म्हणाल्या. तोच सुटा सुटा सूर. "आज मी पाण्याबद्दल विचारलं की चहा येतो. दुसरं काही विचारलं की उत्तर येतं. आणि तुम्ही. तुम्ही फोनवर कधीच थांबत नाही. आज सकाळपासून तुम्ही बोललेला नाहीत. तर हे 'नाही' आहे का?"

अण्णांना सगळं इंग्रजी कळलं नसेल, पण 'टी' कळला आणि शेवटचा 'नो' कळला. ते खिडकीकडं बघायला लागले. चाचा आपले रंगलेले हात बघत होते. उत्तर माझ्याकडंच होतं. 'हो' म्हटलं तर दुसरी पाळी जाणार असं मला दिसत होतं, आणि 'नाही नाही, तसं काही नाही' हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. माझ्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तेच वाक्य वापरलेलं आहे.

"हो," मी म्हणालो. "नाहीच आहे ते."

आणि बाई गप्प बसल्या.

ती जुनीच शांतता. भिंतीसमोरची. फरक इतकाच की आता कॉल कापता येत नव्हता. भिंतीपलीकडं माग खडखडत होते, चहावर साय धरत होती. अण्णा खुर्चीत पुढं सरकले. मला ते सरकणं ओळखीचं होतं. मी स्वतः तसाच सरकतो. "मॅडम," त्यांनी सुरुवात केली, "ॲडजस्ट..."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी मालकांना हात लावलेला नव्हता. "अण्णा," मी हळूच म्हणालो, "विचार करतायत त्या."

अण्णा थांबले. आम्ही बसून राहिलो. चाचांनी एकदा उसासा सोडला, तेवढंच. मी बाईंकडं बघत होतो. इतके दिवस मला त्या चेहऱ्यावर नाराजी दिसत होती. आता नीट बघितलं तर तिथं नाराजी नव्हती. बाजारातून घरी आल्यावर बायको ओट्याशी उभी राहून संध्याकाळचं ठरवते, तसा तो चेहरा होता. आपल्याशी त्याचा काही संबंध नसतो.

बाई बोलल्या तेव्हा चहा गार झाला होता. "जूनचा माल मी दुसरीकडून घेते. अवघड आहे, पण अजून वेळ आहे. हे मला डिसेंबरमध्ये कळलं असतं तर अवघड गेलं नसतं." त्या थांबल्या. आम्हीही थांबलो, आता जरा सवय झाली होती. "हिवाळ्याचा माल तुम्ही करा. ऑगस्टला. पाण्याशिवाय एप्रिलमध्ये तुम्ही काय करू शकता?"

हे मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "इणू शकतो की. मागाला कुटं पाणी लागतंय." आणि चाचा म्हणाले, "कोरा माल रखो, साब. पानी आया तो मैं सब एक साथ रंग के देता. एक ही राख आयेंगी."

असं ठरलं. आत्ता विणून कोरा माल ठेवायचा, पाऊस झाला की रंगवायचा, मग शिवायचा. विणकरांची दुसरी पाळी राहिली. शिलाईची जुलैपर्यंत गेली.

निघताना बाईंनी एक अट घातली. दर शुक्रवारी मी त्यांना एक मेल पाठवायची. त्यात काय चाललंय, काय प्रयत्न आहेत, ते काही लिहायचं नाही. त्या आठवड्यात आमच्याकडून काय होणार नाही, फक्त तेवढं लिहायचं. "चार ओळी पुरे," त्या म्हणाल्या. मग गाडीत बसताना त्यांनी पहिल्यांदा हसून विचारलं, "आणि शेवटचा तो चहा, त्याचा अर्थ काय होता?" मी म्हणालो, त्याला अर्थ नव्हता, आम्हाला सुचत नव्हतं म्हणून तो सांगितला होता. त्यावर त्यांनी बराच विचार केला.

चाचा फाटकाशी उभे होते. "आधा तो आधा सही, साब," ते म्हणाले. "मेरेकू तो आज नींद आयेंगी."

मला शिलाईखात्यात जायचं होतं. पाळी सुटायची वेळ. मावशी डबा पिशवीत भरत होत्या. मला बघून त्या उभ्या राहिल्या, आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "मावशी, चहा..." मी ते गिळलं. म्हणालो, "मावशी, दुसरी पाळी जुलैपर्यंत नाही. जुलैला परत लागेल, ते नक्की आहे. पण तोवर नाही."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मीही काही बोललो नाही. हुरड्याचा विषय काढावासा फार वाटला.

"मंग आदीच सांगायचं की, सायेब," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शेजारच्या कारखान्यात बाया घेत हुत्या दिवाळीत. आमी हितंच ऱ्हायलो, पाळी टिकंल ह्या भरवशावर." पिशवी खांद्याला लावून त्या रिक्षेकडं गेल्या. मी म्हटलं, शेजारी विचारून बघतो. आणि खरंच विचारलं. जागा भरल्या होत्या. हेही त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगायला सोपं गेलं असं काही नाही.

त्या शुक्रवारी मी मेल घरी लिहायला बसलो, कारण कारखान्यात जमेना. स्वयंपाकघरातलं टेबल, लॅपटॉप, आणि समोर बायको मेथी निवडत. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. तिकडची माणसं मोजकं बोलतात, आणि माझ्याशी लग्न झाल्यावर तिला उरलेलंही बोलायची संधी मिळाली नसावी. मी लिहायचो, खोडायचो. 'या आठवड्यात नमुने पाठवणे कदाचित'. खोडलं. 'आमचा प्रयत्न आहे की'. खोडलं. नकार लिहायला बसलं की हात आपोआप वळण घेतो. शेवटी कशाबशा तीन ओळी झाल्या: नमुने या आठवड्यात निघणार नाहीत. सूत सोमवारी येणार नाही. चाचा रजेवर आहेत, त्यामुळं रंगाचं उत्तर मिळणार नाही. वाचून मला आम्ही फार नालायक माणसं आहोत असं वाटलं. बाईंचं उत्तर मात्र लगेच आलं: "उत्तम. असंच हवं होतं."

"काय लिहिताय एवढं घाम फुटेस्तोवर?" बायकोनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाई, चहा, अण्णांच्या हातावर ठेवलेला हात, मावशी, शुक्रवारची मेल. मध्ये मध्ये जरा रंगवूनही सांगितलं. तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या आणि काहीच बोलली नाही. मी वाट बघितली. मला आता ते येत होतं. पाच-सहा जुड्या निवडून होईपर्यंत मी वाट बघितली असेन.

"मला पण पाठवत जावा की अशी एक," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. तुमच्याकडनं काय काय होणार न्हाई ते. मग मी वाट बघायची सोडते आणि माझं माझं करून घेते."